अपयशाचा धनी

शेताला धनी असतो, घराला धनी असतो, आणि मराठी भाषेने अपयशालाही धनी दिलेला आहे. फरक एवढाच की शेताच्या वाटण्या होतात, घराच्या होतात, त्यांपायी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. अपयशाची वाटणी मात्र कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. ते ज्याच्या नावावर चढले त्याच्याच नावावर राहते. अनेकांनी मिळून हाती घेतलेले काम फसले असता त्याचा बोजा एकाच्या शिरी किती ठेवावा, हा प्रश्न म्हणून न्यायाचा आहे. तो मला पडायला कारण झाला एक क्रिकेटचा सामना. साहित्य मंडळाच्या पत्रिकेत क्रिकेट कशाला, असे काही वडीलधाऱ्या वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. वाट पानिपतावरून जाणार आहे.

३१ जानेवारी १९९९, रविवार. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांच्यातील कसोटीचा तो चौथा दिवस. भेस्तानमधील आमच्या घरी शेजारपाजारची आठ-दहा माणसे टीव्हीसमोर जमली होती. त्यांतील मुलांच्या उत्साहाला एक वेगळेच कारण असे. भेस्तानहून मुंबईकडे निघालेल्या गाडीला पुढचेच स्थानक लागते ते 'सचीन'. ते नाव सिद्दी नवाबांच्या जुन्या संस्थानाचे आहे, पेशव्यांशी झालेल्या तहातून १७९१ साली ते संस्थान जन्माला आले, आणि या खेळाडूशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे मी मुलांना अनेकदा समजावून सांगितले होते. त्यांनी ते कधीही मनावर घेतले नाही. सचिन पुढच्या स्थानकाचा, म्हणजे जवळजवळ आपल्याच गावचा, असा त्यांचा हिशेब.

जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. ८२ धावांत निम्मा संघ परतला तेव्हा शेजारचे नाना उठून घरी गेले. सचिन तेंडुलकर आणि बडोद्याचा नयन मोंगिया यांची जोडी जमू लागली तसे ते परत आले आणि काही झालेच नाही अशा थाटात आपल्या जागी बसले. दोघांनी १३६ धावांची भर घातली. मोंगिया ५२ वर बाद झाला, तरी सचिन होता. त्याची पाठ धरली होती. वेदना चेहऱ्यावर दिसत होत्या, पण धावा येत होत्या. होता होता २५४ झाल्या. सतरा उरल्या. सकलेन मुश्ताकच्या एका चेंडूवर त्याने उंच फटका मारायचा यत्न केला, चेंडू हवेत चढला आणि वसीम अक्रमने तो झेलला. २७३ चेंडूंत १३६. त्यानंतर संघाच्या धावसंख्येत चारच धावांची भर पडली आणि उरलेले तिघे बाद झाले. भारत बारा धावांनी हरला.

"घातलं ना पानिपत!" नाना म्हणाले. "एवढं ओढून आणलं आणि शेवटी यानंच घालवलं."

"यानंच घालवलं," मीही म्हणालो. कोणी हरकत घेतली नाही. चेपॉकवरील प्रेक्षक त्या वेळी उभे राहून जिंकलेल्या पाकिस्तानी खेळाडूंसाठी टाळ्या वाजवत होते. आमच्या घरात मात्र खटला उभा राहून निकालही लागून गेला होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात धावफलक आला. तो मी जमाखर्चाच्या वहीसारखा वाचला, कारण आयुष्यभर तेच काम केले. रमेश ५, लक्ष्मण ०, द्रविड १०, अझरुद्दीन ७, गांगुली २, जोशी ८, कुंबळे १, श्रीनाथ १, प्रसाद नाबाद ०. सचिन आणि मोंगिया वगळता उरलेल्या नऊ जणांच्या मिळून ३४ धावा होतात. अवांतर धावा होत्या ३६. म्हणजे आपल्या नऊ फलंदाजांनी मिळून जे दिले त्याहून अधिक पाकिस्तानच्या चुकांनी दिले! आणि या वहीत घालवण्याचा ठपका कोणावर, तर ज्याच्या खात्यावर १३६ जमा आहेत त्याच्यावर.

तरी एक खोच राहिलीच. सचिनला दोषच द्यायचा तर त्याच धावफलकात जागा होती. पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला होता. त्या डावात त्याने तेरा धावा केल्या असत्या, आणि बाकी सारे जसे घडले तसेच घडते, तर दुसऱ्या डावातील तो झेल उडूनही सामना आपला होता. अंकगणिताला पहिल्या डावातील धाव आणि दुसऱ्या डावातील धाव यांत भेद कळत नाही. पण त्या शून्याचा उच्चार त्या संध्याकाळी आमच्याकडे कोणी केला नाही, आणि आजवर कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही. लोक बोलतात ते सतरा धावांविषयी.

याचे कारण शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. आपल्या सुरतेच्या कापडधंद्यात याचा पडताळा रोज येतो. बाण्याला दोन वेगवेगळ्या लॉटचे सूत मिसळले गेले, तर ग्रे ताक्यावर ते सहसा नजरेस येत नाही. विणकराच्या हातून तो ताका जातो, व्यापाऱ्याच्या हातून जातो, आणि रंगाच्या कढईतून निघाला की आडवे पट्टे उठतात. मग भांडण कोणाशी? रंगवणाऱ्या मिलशी. दोष जिथे झाला तिथे दिसत नाही आणि जिथे दिसतो तिथे झालेला नसतो. परंतु माल परत येतो तो शेवटच्या हाताकडे. सामन्याचेही तेच. पहिले पाच जण बाद झाले तेव्हा आपण मनाने हार पत्करून मोकळे झालो होतो, नाना तर घरीही गेले होते. त्या पाचांनी आपले काही हिरावले नाही, कारण हिरावण्याजोगे काही मनात उरलेच नव्हते. आशा निर्माण केली ती सचिनने. ती मोडली तीही त्याच्याच हातून. आपण त्याच्यावर जो राग धरला तो गमावलेल्या धावांचा नव्हता, त्यानेच दिलेल्या आशेचा होता. ज्याने काहीच दिले नाही त्याच्याकडे मागायला आपण जात नाही, हा जगाचा व्यवहार खरा. पण त्याला न्याय म्हणता येईल काय?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे देह, असे भाष्यकार सांगतात. तो देह त्या दिवशी पाठीने धरलेला होता. करणे म्हणजे इंद्रिये आणि साधने. ती दिवसभराच्या श्रमाने थकलेली. चेष्टा म्हणजे नाना व्यापार, आणि मैदानावर ते एकट्याचे नसतात: गोलंदाजाचे मनगट, झेल घेणाऱ्याचे पाय, पलीकडच्या टोकाला उभा असलेला जोडीदार, सारेच त्यात येते. दैवाविषयी काही सांगायला नको; तोच चेंडू दोन हात पलीकडे पडता तर आपण त्या फटक्याला धाडस म्हटले असते. पाचांतला एक कर्ता. जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी नीट पाहत नाही, असे गीता पुढे म्हणते. हा इशारा कर्त्याच्या अहंकारासाठी आहे. आपण त्याची दिशा तेवढी फिरवतो: दुसऱ्याला केवळ कर्ता मानतो, आणि तेही तो हरला असता. तो जिंकला की आपल्यालाही उरलेली चार कारणे आठवतात, आणि मोंगियाचीही आठवण येते.

पण गीतेचा आधार घेऊन सारे दैवावर लोटणेही मला मान्य नाही. ती सांगितली गेली ती अर्जुनाने धनुष्य उचलावे म्हणून, त्याला सबब मिळावी म्हणून नव्हे. सुरतेच्या १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनातील फुटीचे खापर ज्यांच्या माथी फुटले त्या लोकमान्यांनीच पुढे मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले. कर्मयोगाचा तो ग्रंथ वाचून कोणाला सबब सापडल्याचे मी ऐकलेले नाही. म्हणून कर्त्याचा वाटा शून्य नाही. तो किती, हे ठरवायचे आहे.

आता पानिपताकडे वळतो. नानांच्या तोंडी तो शब्द आला तो सवयीने. आपण मराठी माणसे तापीकाठी राहू की आणखी कोठे, पराभव मोजायचे माप बरोबर घेऊन फिरतो ते एकच. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहाराचे धनीपण सदाशिवरावभाऊंच्या नावावर चढलेले आहे. त्यांचे वय तेव्हा तिशीचे होते. त्यांच्यावरील आरोपपत्र मराठी घरांत मुलांनाही पाठ असते. सूरजमल जाटाचा सल्ला ऐकला नाही. बायकामुले, यात्रेकरू आणि बुणगे यांचे लोढणे बरोबर राहू दिले. गनिमी कावा टाकून इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर भिस्त ठेवली. आणि सर्वांवर कळस म्हणजे विश्वासराव गोळी लागून पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला.

यातील शेवटचे कलम सचिनच्या त्या फटक्याचे सख्खे भावंड आहे. कथा तिथे येऊन तुटते, म्हणून बोट तिथे जाते. पण अंबारी रिकामी झाली त्या घटकेपर्यंत काय काय होऊन गेले होते? ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊ कुंजपुऱ्याकडे गुंतले असता अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तोडली. शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी मरू लागली. पुण्याहून मदत वेळेवर पोचली नाही. लढाईच्या दिवशी गारद्यांनी रोहिल्यांची फळी जवळजवळ मोडली होती. परंतु त्यांच्या पाठीशी गोल राखून राहायचे ते विंचूरकर आणि गायकवाड यांचे स्वार उतावीळपणे पुढे घुसले, आणि रचना बिघडली. दुपारी अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज मैदानात घातली. मल्हारराव होळकर रण सोडून निघाले. एवढे झाल्यावर, अठरा वर्षांचा पुतण्या डोळ्यांदेखत पडल्यावर, एक माणूस हत्तीवरून उतरला. त्या क्षणी त्याच्या हाती निवड तरी कितीशी उरली होती?

त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर लिहिताना भाऊंवरील आरोपांची उलटतपासणी केली आणि ऐकीव निवाड्यातील बरेच काही मोडीत काढले. मला त्यातून एक कसोटी मिळाली. माणसाचा दोष मोजायचा तर तो कृत्याच्या परिणामावरून मोजू नये. कृत्याच्या वेळी त्याच्यापुढे किती वाटा खुल्या होत्या आणि विचाराला किती वेळ होता, यावरून मोजावा. या मापाने रिकाम्या अंबारीचा दोष जवळजवळ काहीच उरत नाही. उलट यमुनेच्या उताराकडे झालेले दुर्लक्ष, दिल्लीशी दळणवळण राखण्यात राहिलेली ढिलाई, यांचा दोष मोठा ठरतो, कारण तेव्हा वेळ होता, वाटाही होत्या. भाऊ दोषी आहेत. पण आपण ज्यासाठी त्यांना दोषी धरतो त्यासाठी नाहीत. शांतपणे, सावलीत बसून घेतलेल्या निर्णयांची कोणी कथा करत नाही, म्हणून ते सुटून जातात.

सुटून जातात ती माणसेही. दमाजी गायकवाड पानिपताहून जिवंत परतले. जवळच सोनगडचा किल्ला हे त्यांच्या घराण्याचे मूळ ठाणे, आणि पुढील सात वर्षांत त्यांनी गुजरातेत जो जम बसवला त्याच्या सावलीत आपल्यापैकी कितीतरी घराणी या मुलखात रुजली. आमच्या घरात दमाजींचे नाव निघे ते राज्य बसवणारे म्हणून. गोल मोडल्याची हकीकत मी चाळिशी उलटल्यावर पुस्तकात वाचली, आणि खरे सांगायचे तर वाचल्यावर थोडा वेळ रागच आला, लिहिणाऱ्यावर. ज्याचे मीठ खाल्ले त्याचा वाटा आपण हिशेबात धरत नाही. भाऊ परत आले नाहीत, म्हणून त्यांना उत्तरही देता आले नाही. गंमत अशी की त्यांना दोष देणाऱ्या लोकांनाच ते मेले हे खरे वाटेना. पार्वतीबाई अखेरपर्यंत सवाष्णीसारख्या राहिल्या, पुढे एक तोतया उभा राहिला आणि त्याच्यामागे माणसे गेलीही. ज्याने सर्वस्व घालवले त्याचीच वाट पाहायची, हे कोड्यात टाकणारे आहे. एकट्या भाऊंनी घालवले असे त्या लोकांना मनातून वाटत होते की नाही, याची मला शंका येते.

दोष आणि जबाबदारी हे दोन शब्द आपण एकाच अर्थी वापरतो, तेही येथे थोडे सोडवून घ्यायला हवे. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ साली भारताने वेस्ट इंडीजला तिथे जाऊन हरवले आणि इंग्लंडला इंग्लंडात हरवले. वेस्ट इंडीजमध्ये ७७४ धावा गावस्करांनी केल्या, ओव्हलवर ३८ धावांत सहा बळी चंद्रशेखरांनी घेतले. जयजयकार मात्र कर्णधाराचाही झाला, आणि तो त्यांनी स्वीकारला. होळकरांच्या इंदुरात त्या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भली थोरली बॅट उभी राहिली. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, तोच कर्णधार इंग्लंडात तीनही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सारा संघ ४२ धावांत गेला, आणि तो नीचांक ४६ वर्षे टिकला. इंदूरच्या त्या बॅटीला डांबर फासले गेले. वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

कर्णधाराने जाब द्यावा हे योग्यच आहे. दुसऱ्यांच्या धावांचे श्रेय त्याने घेतलेले असते, तेव्हा दुसऱ्यांच्या शून्यांबद्दल उभे राहून उत्तर देणे त्याला चुकत नाही. पदाबरोबर ते आलेले असते. मुनीम रजेवर असताना हिशेब चुकला तरी पेढीचा मालकच उत्तर देतो. परंतु उत्तर देणारा अपराधी असतोच असे नाही, आणि डांबर फासणाऱ्याला उत्तर नकोच असते. चेन्नईला तर सचिन कर्णधारही नव्हता. तो जाब अझरुद्दीनने द्यायचा होता. सचिनकडून आपण जे वसूल केले त्याला पदाचा आधार नव्हता. केवळ त्याच्या गुणांचा होता.

मग सचिनचा दोष किती? थोडा आहे, असे मी आजही म्हणेन. चौथाच दिवस होता, पाचवा अख्खा शिल्लक होता, चार गडी हाती होते, सतराच धावा हव्या होत्या. एकेक धाव काढत जाण्याची वाट खुली होती. पाठ ती वाट चालू देत नव्हती, म्हणून त्याने लवकर संपवायचे ठरवले असावे. तो निर्णय चुकीचा ठरला, आणि निर्णय त्याचाच होता. त्यात काहीच दोष नव्हता असे म्हणणे ही मला सहानुभूती वाटत नाही. ज्याच्या हातून चूकच होऊ शकत नाही त्याच्या हातून पराक्रमही होत नाही. वाऱ्याने उडालेल्या पानाला शाबासकी कोण देतो? पण हा दोष सतरा धावांपुरता आहे, सामन्यापुरता नाही. आणि त्या सतरांतही तळाच्या तिघांचा वाटा आहेच.

येथवर हिशेबाने जाता येते. पुढे एक गोष्ट अशी आहे की जी हिशेबात बसत नाही. सामनावीराचा मान त्या दिवशी सचिनलाच मिळाला होता. तो घ्यायला तो बाहेर आला नाही. आत बसून रडत होता, असे नंतर सर्वत्र छापून आले. म्हणजे आमच्या घरात नाना जे म्हणाले तेच तो आत बसून स्वतःला म्हणत असावा. शब्द एकच. माझ्यामुळे हरलो, असे म्हणणारा आणि तुझ्यामुळे हरलो, असे म्हणणारा, दोघे एकाच घटनेविषयी बोलतात. तरी पहिल्याचे म्हणणे ऐकून मन हलते आणि दुसऱ्याचे ऐकून मान खाली जाते. जो स्वतःला सगळा दोष देतो तो हिशेबात चुकतो खरा, पण त्या चुकीनेच तो पुढच्या वेळी उभा राहतो. तीच चूक आपण त्याच्या वतीने केली तर ती चोरी होते, कारण त्याने जे स्वतःहून द्यायचे ते आपण ओढून घेतलेले असते. शिवाय त्याने ते कबूल केले की आपण त्या कबुलीला पुरावा समजतो. पाहा, तोच म्हणतो!

हे मला त्याच वर्षी कळायला हवे होते. १९९९ च्या दिवाळीनंतर आमच्या वस्तीतील मुलांचा कबड्डीचा संघ एका स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला. संघाची देखरेख माझ्याकडे होती. आमचा चढाई करणारा मुलगा अठरा वर्षांचा, अंगाने किरकोळ, पण विजेसारखा. त्या स्पर्धेतील आमचे निम्म्याहून अधिक गुण त्याचे होते. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे होतो. त्याने कोपऱ्यातला गडी टिपला. तेवढ्यावर मध्यरेषेकडे वळता तर बरोबरी झाली असती. तो वळला नाही, दुसऱ्या गड्यावर गेला, आणि पकडला गेला. आम्ही दोन गुणांनी हरलो.

मैदानाबाहेर सगळी मुले उभी असताना मी त्याला म्हणालो, "तूच घालवलास सामना." त्याने मान हलवली आणि म्हणाला, "हो काका, मीच." मला वाटले, चला, निदान मुलगा प्रामाणिक आहे. पुढच्या हंगामात तो आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही. नोकरीच्या धबडग्यात खेळ सुटला असेल, अशी मी समजूत करून घेतली.

काही वर्षांपूर्वी भेस्तान स्थानकावर त्यानेच मला हाक मारली. चाळिशी ओलांडलेली, कानशिलावर पांढरे केस. सचीनच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो पाळीचा मुख्य आहे. गाडीला वेळ होता. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर मी, मनात बरेच दिवस घोळत होते म्हणून, त्या सामन्याचा विषय काढला आणि म्हणालो, त्या दिवशी मी तुला बोललो ते बरोबर नव्हते. बाकीच्यांनीही काही केले नव्हते. तो हसला.

"तसं नाही काका, चूक माझीच होती. मी वळलो होतो. डावा पाय रेषेकडे टाकलाही होता. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, आणखी एक, आणखी एक म्हणून. मी तुमचं ऐकायला नको होतं."

मला ते आठवत नव्हते. आजही आठवत नाही. मी डोळे मिटून ते मैदान आणायचा यत्न करतो, तेव्हा तो कोपऱ्यातला गडी दिसतो, मुलाचा पाय दिसतो, पकड दिसते. माझा आवाज ऐकू येत नाही. बाजूला उभ्या असलेल्यांपैकी कोणाला आठवत असेल तर विचारावे, असे मनात आले होते. अजून विचारलेले नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"सगळे उभे होते ना तिथं," तो म्हणाला. गाडी आली. डबा भरलेला होता, तो दारातच उभा राहिला. पुढच्याच स्थानकावर उतरायचे होते त्याला.